करदोडा कितला डाव बदला?

माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं, ही साधी रीत तात्यांना कुणी शिकवलीच नव्हती. ते आधी पोटाकडे बघायचे. सरपंच असो, एसटीचा कंडक्टर असो, नाहीतर तपासणीला आलेला जिल्ह्याचा साहेब असो, तात्यांची नजर शर्टाच्या चौथ्या बटणावर. ते बटण ताणलेलं दिसलं की जवळ सरकायचे, आवाज खाली आणायचे आणि विचारायचे, "भाऊ, करदोडा यंदा कितला डाव बदला?"

आता सांगा, हा काय विचारायचा प्रश्न झाला? कमरेचा काळा दोरा. अंघोळीच्या वेळी रोज दिसतो, पण चारचौघांत त्याच्याबद्दल कोण बोलतं? समोरचा आधी हसायचा, मग गोंधळायचा. पण गंमत अशी की उत्तर प्रत्येकाला पाठ असायचं. "पोळ्याला नवा घातला, दिवाळीत काचायला लागला म्हणून गाठ सैल केली, मग संक्रांतीला..." इथवर येऊन माणूस थांबायचा, कारण आपण काय कबूल करतोय ते त्याच्या ध्यानात यायचं. तोवर तात्यांनी खिशातून शिंप्याची टेप बाहेर काढलेली असायची.

मी तेव्हा नर्स म्हणून नवीनच लागले होते. तापीकाठचं ग्रामीण रुग्णालय, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. तिथली प्रयोगशाळा तात्यांच्या ताब्यात. लॅब टेक्निशियन म्हणजे खरं तर रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, कागद द्यायचा, संपलं. तात्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. आलेल्या प्रत्येक रिपोर्टावर ते एक हिशेब करायचे. माणसाचं वय, लिव्हरचे दोन आकडे आणि रक्तातल्या प्लेटलेट, एवढ्या चार गोष्टी घेऊन गुणाकार, भागाकार आणि शेवटी एक वर्गमूळ. त्यांच्या कॅल्क्युलेटरवरच्या बाकी सगळ्या बटणांचे आकडे शाबूत होते, वर्गमुळाच्या बटणाचा मात्र रंग पार उडालेला. उत्तर जास्त आलं की तो कागद बाजूला ठेवायचे. त्या माणसाचं लिव्हर आतून कडक व्हायला लागलं असेल, बघून घ्या, असं मॅडमना जाऊन सांगायचे. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर.

"तात्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?" मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा जरा चिडूनच विचारलं होतं.

"ट्रेनिंगम्हा सांगेल शे. तठे युरोपम्हा बी हाईच करतस."

सुरतेच्या पलीकडे न गेलेला हा माणूस युरोपाचं नाव असं घ्यायचा, जसं काही शहाद्याच्या पुढच्या फाट्यावर उतरलं की युरोप. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी घरी जाऊन वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला ठेवलेल्या कागदांवर मुकाट्यानं सह्या करायला लागल्या.

तात्या सगळ्यांशी अहिराणीतच बोलायचे. साहेब प्रमाण मराठीत बोलला तरी हे अहिराणीत उत्तर द्यायचे. माझ्याशीही. रुग्णांसमोर "सिस्टर", एकटी असले की "बहीन". चहा बिनसाखरेचा, तो पण स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात. रिपोर्टाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मजकूर लिहायची खोड होती. "जावईबापू, थंडा बंद करा." "दादा, गाडी इका, सायकल घ्या." एकदा एका मास्तरांच्या कागदावर लिहिलं, "खुर्चीले बी दया येवाले पाहिजे." मास्तरांनी तक्रार केली. तेव्हा मॅडमनी त्यांची पेन्सिल काढून घेतली. तात्या दुसऱ्या दिवशी नवी पेन्सिल घेऊन आले.

आठवडे बाजारात तर त्यांचा कहर असायचा. दोरे-करदोडे-काळी पोत विकणारी एक म्हातारी होती, तिच्या पथारीशेजारी तात्या पोत्यावर बसून राहायचे. कुणी येऊन "जरा लांब द्या, मागचा पुरत नाही" म्हटलं की म्हातारी नुसती मान वळवायची. तात्या उठून त्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकायचे. तिचा धंदा बुडेल अशी मला भीती वाटायची, पण म्हातारी सांगायची, "वाढस ना माय. लोके देखाले येतस." सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तेच. एक मोठे शेतकरी घोडीचे दात बघून झाले, खूर बघून झाले, पोटाखाली हात फिरवून खोदून खोदून विचारत होते. तात्या मागं उभे. घोडीचा सौदा होईपर्यंत गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आते तुमनं पोट देखूत." शेतकरी रागावले. घोडीवाला मात्र इतका हसला की त्यानं तात्यांना चहा पाजला, बिनसाखरेचा.

एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. "दुखाले लागनं म्हंजे उशीर व्हयी गया." लिव्हर बोलत नाही, कुरकुरत नाही, निम्मं खराब होईपर्यंत माणसाला जेवू देतं, झोपू देतं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं की मग सगळे धावतात. हे त्यांनी फार बघितलं होतं. त्यांची आधीची कितीतरी वर्षं मोलगीकडच्या डोंगरात गेली होती. तिथली पावरी बोली मोडकीतोडकी बोलायचे. आमच्या इकडे डोंगरातल्या माणसाचं नाव काढलं की लोक अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करतात. तात्यांना ते अजिबात खपायचं नाही. एकदा आमच्या वॉर्डबॉयनं तशी खूण केली, तर तात्या त्याच्यावर असे उखडले की मला मध्ये पडावं लागलं. म्हणाले, डोंगरातला माणूस पीत असेल तर पितो म्हणून सांगतो आणि हात पुढं करतो, त्याचं वेळेवर कळतं. चालून चालून त्याचं पोट पाठीला लागलेलं असतं. लपवता तुम्ही सपाटीवरचे. तूप-गूळ खाता, घरून वावरात मोटरसायकलवर जाता आणि लिव्हर म्हटलं की शिवी दिल्यासारखे बघता.

ते खोटं नव्हतं. आमच्या गावांत लिव्हरची तपासणी म्हणजे दारुड्याची तपासणी, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की काय सांगू! माणसं लॅबच्या खिडकीशी येऊन सांगायची, "शुगरची करा, थायरॉईडची करा, पण ती लिव्हरची नका करू हो, सोयऱ्यांत कळलं तर?" एका माणसानं तर आलेल्या कागदावरची ती एक ओळ ब्लेडनं खरवडून काढली होती. ज्यांच्या घरात दारूचं नाव नाही ती घरं सगळ्यात कडक. आम्ही पीत नाही, मग आमचं लिव्हर कशाला बिघडेल? आणि पीत नसताना तपासून घेतलं, तर लोक म्हणतील की चोरून पितात.

असलं कडक घर म्हणजे माझं माहेर.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो. केळी-कपाशीची बागायत, गळ्यात माळ, गावच्या भजनात पुढं बसणारे. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी दारूला शिवलं नाही, हे आबा नव्या माणसाला नाव-गाव सांगतात तसं पहिल्या दमातच सांगतात. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. माझी ड्यूटी उशिरा संपली, एसटी चुकली, म्हणून तात्यांनी मला स्कूटरवर घरी सोडलं. आता दारात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय कोण जाऊ देतं? आईनं बसवून घेतलं. पाहुणे ओसरीवर बसलेले, मुलाचे वडील, काका, मामा. आबा नवं धोतर नेसून, उपरणं टाकून त्यांच्यासमोर. आणि आमचे तात्या कोपऱ्यात. मी आतून दाराच्या फटीतून पाहिलं, तर तात्यांची नजर आबांच्या पोटावर खिळलेली. मी हात हलवून नको नको करत होते.

"आबा," तात्या म्हणालेच, "करदोडा यंदा कितला डाव बदला?"

आबांना वाटलं थट्टा आहे. हसून म्हणाले, तीनदा. मग तात्यांनी आबांचे डोळे बघितले, मानेवरची काळसर चामडी बघितली आणि सरळ सांगून टाकलं, "सोमवारले या. लिव्हर तपासी लेऊत."

मुलाच्या मामांनी मुलाच्या वडिलांकडे बघितलं.

"मन्हा घरम्हा तीन पिढीस्मा कोनी थेंब बी पियेल नही," आबा उभेच राहिले. "आनि तुम्ही मन्हं लिव्हर तपासाले निंघनात? सोयरास्ना सामने?"

"पेवानं काय लेनंदेनं नही, आबा. पोटनं शे."

"चहा व्हयना ना तुमना? मंग निंघा."

पाहुणे गेले ते "कळवतो" म्हणून. तीन महिने कळवलं नाही. बहीण कुणाशी बोलेना, आई देवाजवळ बसून राहायची आणि आबा माझ्याकडे बघायचेही नाहीत, कारण त्या माणसाला घरात मीच आणलं होतं. मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तात्यांना काय काय बोलले ते आता लिहायला लाज वाटते. तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी आहे का, इथपर्यंत मी गेले. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बहीन, मी डॉक्टर नही, मी मोजनारा शे. पन तुन्हा बाप पिवया डोयास्नी दवाखानाम्हा येवाले नको."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण नर्स होते ना मी. घरी गेले की आबांचं पोट दिसायचं, जेवल्यावर त्यांना येणारी सुस्ती दिसायची, पायऱ्या चढताना लागणारा दम दिसायचा. तात्या बोलले नसते तर मला यातलं काहीच दिसलं नसतं. आबांना एकदा म्हणून बघितलं, तर ताटावरून उठले. माझा बाप समोर जेवतोय, आतून त्याचं काहीतरी दगड होत चाललंय, आणि सोयरीक मोडेल म्हणून मी सुई टोचू शकत नाही. रडूच यायचं मला.

पुढच्या एकादशीला संध्याकाळी आमच्या गावच्या देवळात भजन होतं. मी आईसोबत बायकांत बसले होते. आरती झाली, प्रसाद वाटायच्या आत मागून तात्या पुढं आले. कुठून आले, कधी आले, कुणास ठाऊक. आबांचं तोंड लाल झालं. तात्यांनी हात जोडले.

"राम राम मंडळी. माले लिव्हरना आजार शे. मी जलमम्हा कधी पी नही. तरी बी व्हयना."

मग त्यांनी सांगितलं. पोट वाढतं, चरबी लिव्हरात जाऊन बसते, हळूहळू ते कडक होतं, आणि पोटात एक दिवसही दुखत नाही. आपलं योगायोगानं कळलं, आता रोज चालतो, गोड सोडलं, म्हणून वाचलो. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, मीच बघा समोर उभा आहे. पाचेक मिनिटं बोलले असतील. टेप काढली नाही, कुणाच्या पोटाकडे बघितलं नाही. बोलणं संपलं तसे चपला घालून निघून गेले.

त्या सोमवारी आमच्या गावचे सात जण उपाशीपोटी लॅबच्या बाहेर बसले होते. आठवे आबा. टॉवेल डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड करून. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाले, "शुगर मोजनी शे."

"हा, शुगर बी मोजूत," तात्या म्हणाले आणि दंडाला पट्टा बांधला.

आकडा जास्त आला. मॅडमनी नंदुरबारला सोनोग्राफीला पाठवलं, मग सुरतेला एका मशीनवर, जे लिव्हर किती कडक झालंय ते वरून मोजतं. कडक व्हायला सुरुवात झाली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन-चार वर्षांनी आला असता तर माझ्या हातात फार काही राहिलं नसतं. आता वजन उतरवा, मागं फिरता येईल. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि ढसाढसा रडले. आबा वावरात पायी जायला लागले. गूळ बंद, भजनानंतरचा प्रसाद बोटाला लावण्यापुरता. वजन उतरायला लागलं. पण गावात त्यांनी एकच सांगितलं, शुगर निघाली. इतर सात जणांनीही तेच सांगितलं. एकाच गावात एकाच सोमवारी आठ जणांना शुगर!

आणि तात्यांचं काय झालं? आख्ख्या पंचक्रोशीत झालं, लॅबवाला पितो. देवळात उभं राहून स्वतःच कबूल केलं की लिव्हर गेलंय म्हणून. पीत नाही म्हणतो, तसं तर सगळेच म्हणतात. बायका रक्त द्यायला आल्या की त्यांच्या तोंडाचा वास येतो का बघायच्या. त्यांच्या स्वतःच्या गावात त्यांना भजनात पेटीवरून उठवलं. पेटी ते लहानपणापासून वाजवायचे. मला हे त्यांनी सांगितलं नाही, वॉर्डबॉयकडून कळलं. तात्या रोज नऊला येत होते, कॅल्क्युलेटर बडवत होते.

मग आमच्या कर्मचाऱ्यांची वर्षाची तपासणी आली. तात्या स्वतःचं सॅम्पल स्वतः लावत नसत, दुसऱ्या लॅबला पाठवायचे. रिपोर्टांचा गठ्ठा माझ्या हातात आला. मला काळजी, म्हणून त्यांचा कागद आधी काढला. सोनोग्राफीही त्यासोबतच होती. मी दोनदा वाचलं. मग त्यांचंच कॅल्क्युलेटर घेऊन त्यांचाच हिशेब त्यांच्यावर केला. लिव्हर विशीतल्या पोरासारखं. चरबी नाही, कडकपणा नाही, काहीच नाही.

"तात्या, तुम्ही देवळात खोटं बोललात?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "कोनी तरी पहिलं व्हवाले पाहिजे व्हतं, बहीन. मी पहिला व्हयनू."

"आणि हे लोक काय काय बोलतात ते?"

"बोलूत. मन्ही काय आते सोयरीक जुळाडनी शे?" मग माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी घडी घातली. "तू सांगशी नको. खोटं व्हतं असं कळनं, तर त्या आठ जन परत घर जाई बठतीन."

आमच्या नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात हे बसत नाही. देवळात, आरतीनंतर, धादांत खोटं. मी हो म्हटलं. आणि त्याच रविवारी घरी जाऊन शब्द मोडला. आबांना सगळं सांगितलं. तात्यांच्या पेटीचंही सांगितलं. आबा अंगणात बाजेवर बसले होते. ऐकलं, उठले आणि वावराकडे चालू लागले, तेव्हा मला वाटलं, झालं, यांना स्वतःच्या अब्रूपुढं कुणाचं काही नाही. मी चिडून त्याच दिवशी परत आले.

पाहुण्यांकडून शेवटी होकार आला. साखरपुडा आमच्याच अंगणात ठरला. आबांनी तात्यांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, हे मला तात्यांना अंगणात बघितल्यावर कळलं. पंगत बसली. मुलाकडची माणसं एका ओळीत, आमच्याकडची समोर. तात्या समोरच्या ओळीत टोकाला बसले, आणि त्यांच्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. येणारा प्रत्येक जण ते पान ओलांडून पुढं बसत होता. मी भाजी वाढत होते.

यजमान पंगतीत बसत नाही, उभं राहून वाढतो, विचारपूस करतो. आबांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं, उपरणं सावरलं आणि तात्यांच्या शेजारच्या त्या पानावर येऊन मांडी घातली. समोर बरोबर व्याही. बुंदीची बादली घेऊन माझा चुलतभाऊ ओळीनं येत होता. तो तात्यांपाशी वाकला, तसा आबांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, आणि भजनात लावतात तो आवाज लावून म्हणाले, म्हणजे पार रस्त्यापर्यंत जावा असा. "आम्हले दोन्हीस्ले बुंदी चालत नही. माले बी लिव्हरना आजार शे. शुगर नही, लिव्हर. मन्हं आनि तात्यांस्नं सारखंच शे."

पंगतीतले घास हातातच राहिले. बहीण दारात उभी होती, तिनं चौकट धरली. व्याही आबांकडे बघत होते, मग त्यांनी तात्यांकडे बघितलं, आणि मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे.

"तात्या," व्याही म्हणाले, "तुमनी लॅब कितीले उघडस?"

"नऊले. उपाशी येज्यात."

व्याह्यांनी मान डोलावली आणि भात कालवायला घेतला. चुलतभाऊ बादली उचलून पुढं सरकला. ज्यांच्या लिव्हराला कणभरही काही झालेलं नव्हतं, ते आमचे तात्या त्या गरम बुंदीच्या बादलीकडे ओळीच्या टोकापर्यंत बघत राहिले, आणि मग आबांसारखंच वरण-भात जेवू लागले.